दुपट्यावरची रेघ

१

सरकारी नकाशा धुवायचा तर घाई करून चालत नाही. घमेल्यात कोमट पाणी घ्यायचं, चिमूटभर सोडा टाकायचा, नकाशा गुंडाळूनच बुडवायचा आणि दिवसभर त्याच्याकडे बघायचं नाही. संध्याकाळपर्यंत खळ सुटते. मग उकडलेल्या बटाट्याची साल काढावी तसा वरचा कागद बोटांनी सोलायचा, की पाठीला चिकटवलेलं कापड तेवढं हातात राहतं. तसलं मऊ कापड शहापूरच्या बाजारात पैसे मोजूनही मिळत नसे.

भातसानगरला धरणाच्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्या सगळ्यांनाच ही विद्या येत होती. रद्द झालेला नकाशा कोणीतरी घरी न्यायचा आणि त्याचे रुमाल व्हायचे, पंचे व्हायचे, चहाची गाळणी व्हायची. कॉलनीतली निम्मी पोरं धरणाच्या कालव्यांवर निजून मोठी झाली, असं तिथे थट्टेने म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं.

नम्रता धानके या ऑफिसात अनुरेखक होती. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालची रेघ वर शाईने ओढायची, हे तिचं काम. स्वतःचं काही घालायचं नाही. साहेबांची रेघ चुकलेली दिसली तरी चुकलेलीच ओढायची आणि मग जाऊन सांगायचं. नऊ वर्षांत नम्रताने स्वतःच्या मनाने कागदावर एक ठिपकाही घातला नव्हता, आणि तिला त्याचा जरा अभिमानच होता.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर तिला सातवा महिना लागला. ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यातच सगळं संपलं. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, गोरापान, आणि नऊ दिवस जगला. त्या नऊ दिवसांबद्दल घरात कोणी बोलत नसे. तिची आई बाईजा मुरबाडहून भेटायला आली तेव्हा तिनेही विषय आडूनच काढला.

"ह्या खेपेला नवं कापड घेऊ नको गो. कुनाकडनं तरी मागून आन. ज्या घरची पोरं जगली, त्या घरचं जुनेर. त्यातच पोराला गुंडाळायचं. मंग त्याच्यावर कुनाचा डोळा नाय पडत."

नम्रताचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण नऊ दिवसांचं मूल हातातून गेलं की माणूस विश्वास आहे की नाही हे विचारत बसत नाही. फक्त कोणाच्या दारात जाऊन कापड मागायची तिला लाज वाटत होती. म्हणून तिने ते ऑफिसातच मागितलं, मुख्य आरेखक गोजर भाऊसाहेबांकडे.

२

भांडारघर रिकामं करायचं चाललं होतं. कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीत चाळीस नकाशे निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, समुद्राचे. धरणाचं नाव निघण्याआधी कधीतरी, कापडाची टंचाई होती तेव्हा, खात्याने कापडासाठीच कुठल्याशा लिलावात घेतलेले. सगळे कोकणच्या किनाऱ्याचे. "ने त्यातला कुठलाही," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना चार पोरं, चारही धडधाकट. देणारा हात चार पोरांच्या बापाचा आहे, म्हणजे आईचं म्हणणं पाळल्यासारखंच झालं, अशी नम्रताने मनाची समजूत घातली.

एकोणचाळीस नकाशे कोरे करकरीत होते, उलगडताना कडकड वाजत होते. एकच वापरून वापरून मऊ पडलेला होता. तिने तो घेतला. बाळाच्या अंगाला मऊ कापडच बरं, यात तिचं काय चुकलं?

भिजत घालण्याआधी तिने तो खाटेवर पसरला. सवयच ती. धरणाच्या नकाशात जमीन भरगच्च असते आणि पाणी कोरं. इथे उलटं होतं. जमीन कोरी सोडलेली आणि समुद्रभर मोहरी सांडावी तसे बारीक आकडे. कोपऱ्यात १९४२ छापलेलं. कपाच्या बुडाचा एक तपकिरी गोल, कर्कटकाच्या टोकाची असंख्य भोकं, आणि मधोमध कोणीतरी हाताने काढलेली पेन्सिलीची तुटक रेघ. खोल पाण्यातून निघून ती किनाऱ्याकडे येत होती. प्रत्येक तुकड्याशेजारी एक आकडा. सात आला की त्याच्या पोटातून आडवी काडी मारलेली.

तिचा नवरा साईनाथ धरणावर पाण्याची पातळी नोंदवायला होता, आणि गाळाची मोजणी व्हायची तेव्हा होडीतून दोर सोडायलाही जात असे. त्याने वाकून बघितलं.

"ही खोली आहे. वावात मोजलेली. दोन हात पसरले की एक वाव, म्हणजे सहा फूट. आम्ही टाकतो तसाच दोराला शिशाचा गोळा बांधून टाकत असणार. त्या गोळ्याच्या बुडाला खळगी असते, तिच्यात चरबी भरायची."

"चरबी कशाला?"

"तळाचं जे काय असेल ते तिला चिकटून वर येतं. वाळू, चिखल, शिंपला. त्यावरून खाली काय आहे ते कळतं." त्याने रेघेवरून बोट फिरवलं. "बोट किनाऱ्याला यायला लागली की आकडे असे उतरत जातात, बघ. बावीस, सतरा, बारा, नऊ."

नऊवर रेघ संपत होती. किनारा अजून दीड वीत लांब होता. पुढे बाण नाही, खूण नाही.

"नऊला का थांबला मग?"

"जेवायला गेला असेल," साईनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद सोलून निघाला आणि रेघही गेली. मागे राहिलं ते पांढरंशुभ्र कापड. तिने ते मधोमध कापलं. एका तुकड्याचं दुपटं शिवलं, दुसरा घडी करून ठेवला.

३

दुसरा तुकडा ठकीने नेला. ठकी शेणव्याच्या बाजूच्या पाड्यावरून कॉलनीत यायची. तान्ह्या पोरांना तेल लावून अंघोळ घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची मुलगी रुपालीही तेव्हा पोटुशी होती, आणि तिचंही आधीचं एक गेलं होतं. ठकीने घडी हातात घेतली, गालाला लावली आणि विचारलं, "कुनाच्या घरचं हाये?"

"का गो?"

"मागून घेतल्याल्या कापडाचा धनी म्हाईत पायजे. धनी जित्ता पायजे, त्याची पोरं जित्ती पायजेत. नायतर तो आपलं कापड मागं न्यायला येतो. आनि नुसतं कापड नाय नेत."

नम्रताला खरं सांगता आलं असतं. पण 'ऑफिसच्या पेटीतलं' म्हटलं असतं तर ठकीने घडी खाली ठेवली असती, आणि मग तेच दुपटं आपल्या बाळाला घालायचं धैर्य नम्रतालाही झालं नसतं. ती म्हणाली, "गोजर भाऊसाहेबांच्या घरचं. चार पोरं वापरून मोठी झाली."

"मंग झ्याक," ठकी म्हणाली आणि घडी पदरात बांधून घेऊन गेली.

जानेवारीत नम्रता मुरबाडला बाळंत झाली. मुलगी झाली. नववा दिवस आला तसं तिने दिवसभर पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. दहावा उजाडला तेव्हा ती आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. बाराव्या दिवशी बारसं झालं, नाव ठेवलं भागीरथी, पणजीचं. सगळे तिला भागी म्हणू लागले. पेटीत जपून ठेवलेलं ते दुपटं नम्रताने सव्वा महिन्यानंतर कॉलनीत परतल्यावर काढलं.

रोज अकराला ठकी यायची. रुपालीलाही तेवढ्यात मुलगा झाला होता. अंघोळ झाली, धुरी झाली की पोरीला दुपट्यात गुंडाळायची आणि तिच्या कपाळाला जीभ लावायची. दृष्ट लागलेली असली तर कपाळ खारट लागतं, हे तिचं शास्त्र. पाचव्या की सहाव्या दिवशी तिने जीभ लावली, जरा थांबली, पुन्हा लावली.

"खारट लागतंय गो. घामासारखं नाय. मासळी धुतल्याल्या पान्यासारखं."

तिने मीठमोहरी ओवाळून टाकली आणि त्यावर बोलणं संपलं.

४

त्याच दिवशी दुपटं दोरीवरून काढताना नम्रताला त्यावर जांभळा डाग दिसला. पेरभर लांबीची सरळ रेघ आणि शेजारी आकडा, 8.

ती घाबरली वगैरे नाही. उलट तिला लगेच उलगडा झाला आणि हसूच आलं. ती शाईची पेन्सिल असणार. पूर्वी ऑफिसात असायची तसली. कोरडी असताना करडी दिसते, पाणी लागलं की जांभळी होते. लिहिताना दाब पडला असेल, पूड कापडाच्या विणीत बसली असेल, आता धुवून धुवून वर येते आहे. तिने साबण लावून घासलं. डाग गेला नाही.

दोन दिवसांनी आणखी एक रेघ आली, पहिलीच्या पुढे. शेजारी सात. सातच्या पोटातून आडवी काडी मारलेली.

आकडा त्याच हाताचा होता हे तिला पटलं, आणि त्यात नवल नव्हतंही, नकाशा त्याचाच. पण नकाशावर रेघ नऊवर संपली होती. हे तिने स्वतः बघितलं होतं, आणि एकदा बघितलेली रेघ ती विसरत नसे. तिने नकाशाकामाची आपली पेटी उघडली, कर्कटक काढलं आणि दोन्ही रेघा मोजल्या. दोन्ही सारख्या, मधली जागाही सारखी, केसाचाही फरक नाही. पुढची रेघ कुठे येईल हे आता ती टोक ठेवून सांगू शकत होती.

तिने टोक ठेवलं. तिसऱ्या दिवशी रेघ तिथेच आली. शेजारी सहा.

संध्याकाळी साईनाथला दाखवलं. त्याने दुपटं उजेडात धरून बघितलं. "रेघ नऊवरच संपत होती असं तुला वाटतंय. फिकट असेल पुढे, दिसली नसेल," तो म्हणाला. "सातव्या महिन्यात बाईला कुठे धड दिसतं!" नम्रताने मान हलवली. त्याचं म्हणणं पटण्यासारखंच होतं.

५

कॉलनीतली मार्चमधली दुपार म्हणजे सामसूम. पुरुष धरणावर, पोरं शाळेत, बायका आडव्या. पंखा गेला की आपला श्वास आपल्याला ऐकू यायचा. त्या वेळी नम्रता स्वयंपाकघरात भाकरी थापायची आणि बाहेरच्या खोलीतल्या पाळण्याची लांब सुती दोरी खिळ्यावरून ओढत राहायची. एक भाकरी, चार हिसके.

त्या आठवड्यात तिला पहिल्यांदा तो आवाज आला. डुब्ब. विहिरीत जड काही टाकलं तर काठावर उभ्या माणसाला ऐकू येईल तसा. फरक एवढाच, की हा वरून येत होता आणि ती खाली होती.

ती बाहेरच्या खोलीत आली. पाळणा हलत होता. दाराजवळ फरशीवर एक ओला गोल होता, तांब्याच्या बुडाएवढा. तिने बोट लावलं, तेलकट लागलं. छत कोरडं होतं. भागी जागी होती, रडत नव्हती, वर कुठेतरी बघत होती. नम्रताने तिचे पाय हातात घेतले तर ते गार होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पोरीचे पाय गार.

दोन दिवसांनी पुन्हा डुब्ब. या वेळी गोल खाटेपाशी. गोलाच्या मधोमध फरशी कोरडी होती आणि खाली सांडलेली मीठमोहरी तेवढ्याच जागेतून नाहीशी झाली होती. दुपट्यावर पाचचा आकडा होता. पुढच्या खेपेला गोल खाट आणि पाळणा यांच्या मध्ये उमटला, दुपट्यावर चार आला, आणि भागीच्या मनगटातली काळ्या मण्यांची मनगटी गेली. मनगटी सापडेना म्हणून साईनाथने खाट हलवून शोधली, पाळण्याखाली हात फिरवला. "पडली असेल कुठेतरी," तो म्हणाला. पण तोही मग काही वेळ त्या गोलाकडे बघत बसला. त्याने तो बोटाने चोळला, बोट नाकाशी नेलं आणि लुंगीला पुसलं. तो वास त्याच्या ओळखीचा होता. चरबीचा.

मोठ्या गावच्या दवाखान्यात भागीचं वजन केलं. सव्वाचार किलोची पोर पावणेचारवर आली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, छाती स्वच्छ, पोट मऊ. "दूध कमी पडतंय तुम्हाला," त्या म्हणाल्या. नम्रताचं दूध कमी पडत नव्हतं, वाहून जात होतं. पोरगी ओढत नव्हती. रोज थोडी थोडी हलकी होत चालली होती, आणि आईच्या हाताला ते काट्यापेक्षा आधी कळत होतं.

६

ती ऑफिसात गेली. गोजर भाऊसाहेबांना वाटलं पेढे द्यायला आली.

"भाऊसाहेब, तो नकाशा. तो कुणाचा होता?"

"कुणाचा म्हणजे? खात्याचा."

"त्याच्या आधी?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "बाकीचे कोणाचेच नव्हते. छापले आणि पडून राहिले. माझ्या धाकट्याला त्यातल्याच दोन नकाशांची झबली शिवली. तो एक तेवढा बोटीवर जाऊन आलेला. माझ्या आधीच्या साहेबांनी तो बाजूला ठेवलेला. म्हणायचे, हा कोणाला देऊ नका, यातलं काम अपुरं आहे." ते ओशाळल्यासारखे झाले. "माझ्या डोक्यातून गेलं बघ ते. काय झालं?"

"काही नाही. मऊ आहे फार," नम्रता म्हणाली.

घरी आल्यावर तिने दुपटं आणि काड्यापेटी घेऊन परसात बसकण मारली. काडी ओढली आणि हात थांबला. मेलेल्या पोराचे कपडे जाळतात. दोन वर्षांपूर्वी तिने ते केलं होतं, याच परसात, याच हातांनी. जिवंत पोराच्या अंगावरचं कापड जाळायचं कसं? काडी बोटापर्यंत जळत आली. तिने ती विझवली आणि दुपटं घडी करून पेटीच्या तळाशी ठेवलं. धुवायचं नाही, वापरायचं नाही, बघायचं नाही.

दोन दुपारी काही झालं नाही. तिसऱ्या दुपारी ती भाकरी थापत होती. पीठ लागलेल्या हाताने, न बघताच, तिने खिळ्यावरची दोरी धरली आणि ओढली. दोरी हातात जाड लागली. जड आणि ओली. तिने ओढली तशी ती पलीकडून कोणीतरी ओढली.

तिने मान वळवली. पाळण्याची सुती दोरी खिळ्यावर होती तशीच होती, कोरडी. तिच्या मुठीत होता तो काळपट दोर, मनगटाएवढा नसला तरी अंगठ्याएवढा, त्यात चामड्याची एक पट्टी ओवलेली. तो ताणलेला होता. दारातून बाहेरच्या खोलीत जात होता, पाळण्याच्या वर जाऊन तिथून सरळ उभा चढत होता. मग तो तिच्या मुठीतून सरकायला लागला. एक ओढ, थांबणं, एक ओढ. हात बदलत बदलत कोणीतरी सावकाश वर घेत होतं, त्याला घाई नव्हती. तिची मूठ उघडत नव्हती आणि दोर थांबत नव्हता. शेवटी शिशाचा लांबट गोळा पाळण्याच्या कडेला टेकून वर गेला. त्याच्या बुडाला पांढऱ्या चरबीत चिकटून काहीतरी गेलं, बारीक, काळं.

वर काय आहे ते तिने बघितलं नाही. बघायला हवं होतं की नको होतं, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही. ती पाळण्यावर पडली. भागी होती. डोळे उघडे, ओठ निळसर, पाय बर्फ. टाळूवरचं जावळ तांब्याच्या बुडाएवढ्या जागेत नाहीसं झालं होतं आणि तिथे बोट लावलं तर तेलकट लागत होतं.

पेटीच्या तळाशी दुपटं ओलं होतं. आकडा होता तीन.

७

ती फरशीवर बसली, दुपटं पुढ्यात पसरलं. रडणं येत होतं पण त्याला वेळ नव्हता. तिने कर्कटक घेतलं आणि रेघेच्या पुढे टोकं ठेवत गेली. दोन. एक. त्यानंतरचं टोक पडलं ते दुपट्याच्या कोपऱ्यात, जिथे तिने लाल दोऱ्याने भागीचा 'भा' काढला होता. पोरीचं डोकं तिथे यायचं.

ती बराच वेळ त्या पांढऱ्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग तिला तो नकाशा आठवला, धुण्याआधीचा. समुद्रभर आकडे आणि जमीन कोरी. जमिनीवर आकडा नसतो. जमिनीवर दोर टाकत कोणी येत नाही, कारण बोट तिथे येऊच शकत नाही. म्हणजे इथे फक्त किनारा काढायचा राहिला होता.

नकाशाकामाच्या पेटीतून तिने पेन काढलं, पाण्याने न जाणारी काळी शाई भरली. नऊ वर्षांत तिने स्वतःच्या मनाने एक ठिपकाही घातला नव्हता. तिने श्वास रोखला आणि कापडाच्या उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत किनारा ओढला, 'भा'च्या अलीकडून. खडक काढले, कडे काढले, बोट फुटेल असे दात काढले. हात कापला नाही. आयुष्यात तिने इतकी चांगली रेघ ओढली नव्हती.

मग शाई वाळेपर्यंत बघत बसली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. उजवीकडची कड मूळ नकाशाचीच होती, तिथे समुद्र संपत होता. मागे खोल पाणी, पुढे किनारा. उरली ती डावीकडची कड, जिथे तिने कात्री चालवली होती. त्या कडेच्या पलीकडे समुद्र होताच. तो फक्त या कापडावर नव्हता.

हे तिला तेव्हाच कळलं होतं. नंतर कळलं, असं ती स्वतःलाही कधी सांगू शकली नाही. तिने पेन पुन्हा उघडलं, त्या कडेवर नेलं. तीही बाजू बंद केली तर तो आत कोंडला जाईल, आणि कोंडलेला माणूस कुठे जाईल? आत, 'भा'कडेच. तिने पेनला टोपण लावलं.

दुसऱ्या सकाळी रेघ वळलेली होती. किनाऱ्याला न टेकता ती डावीकडे निघाली होती, तीन, तीन, मग दोन. सगळ्यात शेवटचा तुकडा कापलेल्या कडेवर अर्धाच होता.

८

भागी दूध ओढू लागली. पाय कोमट झाले, मग गरम. टाळूवर बारीक लव आली. दुपारी काही वाजत नव्हतं. साईनाथ मनगटीसाठी नवे मणी घेऊन आला आणि म्हणाला, "बघ, उगाच घोर लावून घेतलास." नम्रता हसली. तिला इतका आनंद झाला होता की त्या आनंदाची तिला भीती वाटत होती, आणि लाजही.

कारण ठकी येत नव्हती. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. शेणव्याला जाणारी गाडी रोज कॉलनीच्या फाट्यावर थांबत होती, तिच्यात बसायला अर्धा तासही लागला नसता. नम्रता दोनदा चप्पल घालून दारापर्यंत गेली आणि परत आली.

तिसऱ्या दिवशी अकराला ठकी आली. डोळे सुजलेले. नेहमीसारखी पाय पसरून बसली, भागीला पायांवर घेतलं, तेल चोळायला लागली. 

"रुपालीचा पोरगा कसा हाये?" नम्रताने विचारलं.

"बरा नाय गो. दूध वढत नाय. भर उन्हाचं पाय गार पडतात. पाड्यावरल्या भगताला बोलवला, दवाखान्यात पन नेला. डाक्टरीण म्हनं आईचं दूध कमी." तिने पोरीच्या अंगावर पाणी ओतलं. "तुला एक इचारू? तू दिलंस त्या कापडावर जांभळी शिवन निघालीय. तुटक तुटक, सारखी. बाजूला बारीक नक्षी. आधी नव्हती. रुपाली भ्याली, म्हनं हे आपोआप आलं. मी म्हनलं आपोआप कसं येईल, नमू नकशाचं काम करते, तिनंच घातली आसल, आपल्या ध्यानात नाय आलं."

पेन पेटीत होतं, शाईही होती. शेणव्याला जाऊन त्या कापडावर किनारा काढता आला असता, असाच, याच हाताने. पण त्या कापडाला एकच उघडी कड होती. तिथून रेघ वळली असती तर ती कुठे आली असती हे तिला कर्कटक न लावता दिसत होतं.

"शेवटाला काय नक्षी हाये?" तिने विचारलं.

"मला कुठं वाचता येतंय गो." ठकीने ओलं बोट फरशीवर टेकवलं आणि वरून खाली सरळ ओढलं. "आशी. एक उभी काठी. बस."

अंघोळ झाली. ठकीने भागीला पुसलं, नव्या फडक्यात गुंडाळलं, सवयीने तिच्या कपाळाला जीभ लावली. "आज नाय खारट," ती म्हणाली, आणि त्या दुःखातही तिला बरं वाटलेलं तिच्या तोंडावर दिसलं. मग तिने पोर नम्रताच्या हातात दिली आणि तिच्याकडे बघत राहिली.

"सांग ना गो. मानसानं घातलेली आसली म्हंजे भ्यायचं काय कारन नाय. तूच घातलीस ना?"

भागीने आईचं बोट घट्ट धरलं होतं. तिची मूठ चांगली गरम होती. नम्रताने पायाने फरशीवरची ती ओली काठी पुसली.

"हो," ती म्हणाली. "मीच घातली."